बलांगिगाच्या तीन घंटा

२०१८ सालच्या नाताळानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आखातातून रजेवर घरी आला होता. मिस्सा आटोपल्यावर तो आम्हांला भेटला आणि बोलता बोलता त्याने आपल्या खोलीतील सोबत्याची हकीगत सांगितली. सोबती फिलिपिनो, चाळिशी ओलांडलेला, समार बेटावरचा. डिसेंबरातल्या एका सकाळी तो मोबाईलवर काहीतरी पाहत बसला होता. आतून घंटेचा नाद येत होता आणि हा दणकट गडी लहान मुलासारखा रडत होता. कोणी गेले की काय, असे विचारता तो म्हणाला, "गेलेले परत आले." आमच्या तरुणाला त्याचा अर्थ लागला नाही. त्याने आम्हांलाच विचारले, "फादर, घंटेसाठी कोणी रडतं का हो?"

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. धर्मगुरूचे अर्धे आयुष्य घंटेच्या सोबतीने जाते. पण घंटेविषयी आम्ही स्वतः फारसा विचार केला नव्हता. पुढे मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून एका लहानशा गावाची ओळख झाली, आणि त्या गावाने आमच्या मनात अनेक वर्षे बसलेली एक अढी हळूच सैल केली. ते सारे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गावाची ओळख

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्याच्या पूर्व कडेला समार नावाचे मोठे, डोंगराळ, पावसाळी बेट आहे. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका नदीच्या मुखाशी बलांगिगा हे गाव वसले आहे. समोर लेते बेटाचे आखात पसरलेले. याच आखाताच्या तोंडाशी असलेल्या होमोनहोन बेटावर १५२१ च्या मार्चमध्ये मॅगेलनची गलबते लागली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, पास्काच्या दिवशी, या द्वीपसमूहात पहिली मिस्सा अर्पण करण्यात आली. आज त्या देशात दर दहा माणसांमागे सुमारे आठ जण कॅथोलिक आहेत.

बलांगिगा ही तिकडच्या भाषेत नगरपालिका. पण नगर हा शब्द ऐकून वाचकांनी मोठे शहर डोळ्यांसमोर आणू नये. तेरा 'बारांगाय', म्हणजे तेरा पाडे किंवा आळ्या, आणि सर्व मिळून सुमारे चौदा हजार वस्ती. आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या धर्मग्रामांत सामावेल एवढे हे गाव. भाषा वाराय. पोट भरण्याची साधने म्हणजे समुद्रातली मासळी, भातशेती, रताळी आणि आळूसारखे कंद, आणि सर्वांत मुख्य म्हणजे माड. नारळ फोडून, खोबरे वाळवून ते व्यापाऱ्याला घालायचे, हा तिथला पिढीजात धंदा. माडाला छेद देऊन माडी काढतात. तिला ते 'तुबा' म्हणतात आणि झाडाची साल घालून तिला तांबूस रंग आणतात. वसईच्या जुन्या माणसांना हे वाचताना आपलीच वाडी आठवावी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघीय मिशनरी समार बेटावर आले. १७६८ मध्ये स्पेनच्या राजाच्या हुकमाने त्यांना फिलिपिन्समधून घालवून देण्यात आले, आणि कालांतराने या भागाचा कारभार फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या हाती आला. चर्च बांधले गेले ते रोमचे डीकन, रक्तसाक्षी संत लॉरेन्स यांच्या नावाने. ख्रिस्तसभेची संपत्ती दाखव, असे फर्मावणाऱ्या सत्ताधाऱ्यापुढे गोरगरिबांना आणून उभे करणारे ते हे संत लॉरेन्स. त्यांचा सण १० ऑगस्टला. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील कथेत तिला महत्त्व आहे.

घंटेच्या हाकेवरचे जीवन

फिलिपिन्समधील जुनी गावे स्पॅनिश मिशनऱ्यांनी जाणूनबुजून 'घंटेच्या टप्प्यात' वसवली. डोंगरात पांगलेल्या वस्त्या एकत्र आणायच्या, मध्ये चर्च, समोर चौक आणि भोवती घरे. घंटा जिथवर ऐकू येई तिथवर गाव. या व्यवस्थेत राजसत्तेची सोय होती, करवसुली सोपी होत होती, हे खरे. परंतु शतकांच्या सहवासाने घंटा लोकांची झाली. पहाटे ती उठवी, तिन्हीसांजेला प्रार्थनेसाठी घरी बोलावी. लग्नाला एका चालीने वाजे, मरणाला दुसऱ्या. समुद्रावरून चाचे येत त्या काळात तीच गावाला सावध करी, आणि वादळात वाट चुकलेल्या होडीला तीच किनारा दाखवी.

घंटेभोवती गुंफलेले हे सामुदायिक जीवन आजही पुष्कळ अंशी टिकून आहे. १६ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ दिवस, कोंबडा आरवण्याच्या वेळी मिस्सा होते. तिला 'सिम्बांग गाबी' म्हणतात. शेतकऱ्याने कामावर जाण्यापूर्वी मिस्सा ऐकावी म्हणून ही वेळ ठरली असे सांगतात. अंधारात आबालवृद्ध चर्चकडे निघतात. घराघरांवर ताऱ्याच्या आकाराचे 'पारोल' लागलेले असतात, आणि मिस्सेनंतर चर्चबाहेर गरम तांदळाच्या पिठाचे पदार्थ मिळतात. मे महिन्यात मुली पवित्र मरियेपुढे फुले वाहतात. सणाच्या दिवशी प्रत्येक घराचे दार उघडे असते आणि अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. लग्नात व सणात 'कुराचा' नावाचे जोडीचे नृत्य होते. नाचणाऱ्यांवर पाहुणे पैसे उधळतात आणि पुष्कळदा ती रक्कम चर्चच्या किंवा गावाच्या कामासाठी ठेवली जाते. मुले थोरांचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला लावतात. आपल्या घरी तिन्हीसांजेच्या प्रार्थनेनंतर मुले आशीर्वाद मागतात, त्याचेच हे दुसरे रूप.

समार-लेतेच्या शेतकऱ्यांत 'तिकलोस' नावाची एक रीत आहे. आज सर्वांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक किंवा सावड ती हीच. भूक आणि पाऊस सगळीकडे सारखाच असल्यामुळे माणसाला सर्वत्र सारखेच उपाय सुचत असावेत.

अशा या गावाच्या चर्चमध्ये तीन घंटा होत्या. सर्वांत जुनीवर संत फ्रान्सिसचे नाव कोरलेले. दुसरी १८८९ ची, फादर आगुस्तीन देलगादो यांच्या काळातली. तिसरी १८९५ ची, फादर बेर्नार्दो आपारिसिओ यांच्या काळातली. एका लहान, गरीब गावाने तीन घंटा उभ्या कराव्यात, यावरून त्या लोकांचा जीव कशात होता हे कळून येते.

१९०१ सालचा तो शनिवार

१८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनचा पराभव केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहान्वये दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स आपल्या ताब्यात घेतले. फिलिपिनो देशभक्तांनी तोवर आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. धनी बदलून घेण्यासाठी ते लढले नव्हते. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्धाला तोंड फुटले. १९०१ च्या मार्चमध्ये त्यांचे नेते आगिनाल्डो पकडले गेले, तरी समार बेटावर जनरल व्हिसेंते लुकबान यांचा लढा चालूच होता.

११ ऑगस्ट १९०१ रोजी, म्हणजे गावच्या संतांच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेच्या नवव्या पायदळ पलटणीची 'सी' तुकडी बलांगिगाच्या किनाऱ्यावर उतरली. चौऱ्याहत्तर माणसे, प्रमुख कॅप्टन थॉमस कॉनेल. बंदर बंद करून बंडखोरांची रसद तोडावी, हे त्यांचे काम. अधिकाऱ्यांनी धर्मगुरूंच्या निवासात मुक्काम ठोकला. आरंभी संबंध बरे होते. सैनिक आणि गावकरी एकत्र बसून तुबा पीत, असेही नमूद आहे.

सप्टेंबरात ते बिघडले. दारूच्या नशेत दोन सैनिकांनी एका मुलीची छेड काढली आणि तिच्या भावांनी त्यांना बदडले. कॉनेल यांनी गावातील शंभराहून अधिक पुरुषांना धरून आणले. सोळा-सोळा माणसांसाठी केलेल्या दोन तंबूंत त्यांपैकी कित्येकांना रात्रभर कोंबून ठेवले, आणि दिवसा गावची सफाई करण्याची वेठ लावली. बंडखोरांना मिळू नये म्हणून घराघरांतले धान्य जप्त झाले. घरात दाणा नाही आणि घरचा कर्ता पुरुष वेठीला, अशी स्थिती झाली.

२८ सप्टेंबर १९०१. त्या दिवशी रविवार होता आणि लोक मिस्सेसाठी जमले होते, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. प्रत्यक्षात तो शनिवार होता. सकाळी सातच्या सुमारास सैनिक न्याहारीला बसले होते. बंदुका दूर होत्या. गावचा पोलीसप्रमुख व्हॅलेरियानो अबानादोर पहाऱ्यावरच्या अडॉल्फ गॅमलिन या शिपायाजवळून चालत गेला, एकाएकी त्याची बंदूक हिसकावून त्याच्या डोक्यात घातली आणि आरोळी ठोकली. चर्चची घंटा वाजू लागली. तंबूंतून, चर्चमधून आणि घरांमधून कोयते घेतलेली माणसे तुटून पडली. कासियाना नासिओनालेस ही एकच स्त्री त्या वेळी तिथे होती आणि तिच्या हातात जपमाळ होती, असे गावची परंपरा सांगते. बाकीच्या बायकामुलांना आदल्या रात्रीच दूर पाठवले होते.

चौऱ्याहत्तरपैकी अठ्ठेचाळीस अमेरिकन सैनिक मेले. त्यांत काही जण पळून जाताना किंवा पुढे जखमांनी गेले. जेमतेम चौघांना काही इजा झाली नाही. गावकऱ्यांपैकीही वीसहून अधिक माणसे कामी आली. ही देशभक्तांची बाजू आहे म्हणून जेवणावर बसलेल्या माणसांची कत्तल आम्ही गोड शब्दांत सांगणार नाही. ते अठ्ठेचाळीस जणही कोणा आयांचे मुलगे होते. देवाच्या प्रार्थनेला बोलावणारी घंटा त्या सकाळी मरणाला बोलावती झाली, ही गोष्ट धर्मगुरू म्हणून आम्हांला बोचते. आणि तिला तिथवर कोणी आणले, हा प्रश्नही त्याच्याइतकाच बोचतो.

दुसऱ्या दिवशी बासे गावाहून अमेरिकन कुमक आली आणि तिने बलांगिगा जाळले. परंतु सूड तेवढ्यावर भागला नाही. जनरल जेकब स्मिथ यांनी समारचे अंतर्भाग ओसाड रान करून टाकण्याचा आणि शस्त्र धरण्याजोग्या, म्हणजे दहा वर्षांवरील, प्रत्येकाला ठार करण्याचा तोंडी हुकूम दिला. त्यांच्या हाताखालच्या मेजर वॉलर यांनी हा हुकूम अक्षरशः पाळू नये असे आपल्या अधिकाऱ्यांना बजावले. तरीही गावेच्या गावे जाळली गेली, भात आणि जनावरे नष्ट झाली. मेलेल्यांचा आकडा इतिहासकारांत वादाचा आहे. कोणी दोन-अडीच हजार सांगतात, कोणी याच्या कितीतरी पट. गावचे फिलिपिनो धर्मगुरू फादर दोनातो गिंबाओलिबोत यांनाही सोडले नाही. माहिती काढण्यासाठी त्यांच्या घशात पाणी ओतून छळ करण्यात आला. १९०२ मध्ये जनरल स्मिथ यांच्यावर लष्करी खटला चालला; शिक्षा काय, तर शब्दांची कानउघाडणी आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेने सक्तीची निवृत्ती.

आणि जळालेल्या चर्चमधील तिन्ही घंटा सैनिकांनी विजयचिन्ह म्हणून उचलून नेल्या.

मुक्या घंटा

दोन घंटा अकराव्या पायदळ पलटणीने १९०४ मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील छावणीत नेल्या. पुढे ती छावणी हवाई दलाचा तळ झाली. तिथल्या मैदानात विटांच्या भिंतीत त्या बसवण्यात आल्या. तिसरी, लहान घंटा नवव्या पलटणीकडे राहिली. पलटण जाई तिथे ती जाई, आणि शेवटी दक्षिण कोरियातील एका छावणीच्या संग्रहालयात ती स्थिरावली. मिस्सेसाठी घडवलेल्या घंटा शतकभर मिस्सेवाचून राहिल्या.

त्या सैनिकांच्या वारसांविषयी आम्ही कठोर शब्द लिहू इच्छित नाही. वायोमिंगमधील वृद्ध माजी सैनिकांना त्या घंटांत लूट दिसत नव्हती. मारल्या गेलेल्या आपल्या अठ्ठेचाळीस सोबत्यांचे स्मारक दिसत होते. 'घंटा देणे म्हणजे त्या पोरांना दुसऱ्यांदा पुरणे' अशी त्यांची प्रामाणिक भावना होती. एकाच धातूच्या तुकड्यात दोन लोकांनी आपापले मृत जपले होते. अशा प्रश्नाचा निकाल केवळ हक्काच्या कागदावर लागत नाही.

बलांगिगाने काय केले? चर्च पुन्हा बांधले, माड पुन्हा लावले. दरवर्षी २८ सप्टेंबरला मृतांची आठवण केली. १९८९ च्या कायद्याने हा दिवस पूर्व समार प्रांतात पाळला जाऊ लागला. बोरोंगान धर्मप्रांताच्या बिशपांनी पत्रे लिहिली. १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी अमेरिकेकडे विनंती केली, तीही अडली. तरी मागणे थांबले नाही. या प्रयत्नांत एक नाव आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. लेतेचे संशोधक डॉ. रोलांडो बोरिनागा आणि ब्रिटिश लेखक बॉब कुटी यांच्यासोबत या घटनेचा खरा इतिहास शोधण्यासाठी जीन वॉल या अमेरिकन बाई झटल्या. या बाई कोण? ज्याच्या डोक्यात अबानादोरने पहिला घाव घातला आणि तरीही जो वाचला, त्या अडॉल्फ गॅमलिनची ही मुलगी! जिच्या बापाचे रक्त त्या चौकात सांडले होते, तिनेच घंटा घरी जाव्यात म्हणून आपला शब्द टाकला. क्षमेवर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने केली. या बाईंच्या कामाइतके वजन त्यांतील एकालाही नाही.

मध्यंतरी गावावर आणखी एक संकट कोसळले. ८ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे 'योलांडा' हे महाभयंकर वादळ शेजारच्या गिवान येथे किनाऱ्याला भिडले. त्या पट्ट्यात बलांगिगाचीही धूळधाण झाली. घरांची छपरे उडाली, लक्षावधी माड मुळासकट पडले. नवा माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे खोबऱ्यावर जगणाऱ्या घराची सहा-सात वर्षांची भाकरी एका सकाळी गेली. पुष्कळांनी मनिलाची आणि परदेशाची वाट धरली. आमच्या तरुणाचा तो सोबती त्यांतलाच एक.

परतीचा दिवस

२०१७ च्या अखेरीस अमेरिकेच्या कायद्यात घंटा परत करण्यास वाट मोकळी झाली. काही माजी सैनिक संघटनांनीही मन मोठे करून पाठिंबा दिला. १४ नोव्हेंबर २०१८ रोजी वायोमिंगच्या तळावर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी फिलिपिन्सच्या राजदूतांच्या उपस्थितीत घंटा परत देण्याची घोषणा केली. ११ डिसेंबरला तिन्ही घंटा लष्करी विमानाने मनिलाला उतरल्या आणि १५ डिसेंबर २०१८ रोजी, ११७ वर्षांनंतर, बलांगिगाच्या स्वाधीन झाल्या. दुसऱ्या दिवशी १६ डिसेंबर, नाताळच्या नोव्हेनेची पहिली पहाट. अंधारात घंटा वाजल्या आणि लोक मिस्सेला आले. ज्यांच्या खापरपणज्यांनी तो नाद ऐकला होता, ती पोरे आयांच्या कडेवर होती.

त्याच सुमारास मनिलाच्या सेनेटमध्ये एक ठराव आला होता. तीनपैकी एक घंटा राजधानीतील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी, म्हणजे साऱ्या देशाला पाहता येईल. बोरोंगानचे बिशप क्रिस्पिन वारकेझ आणि त्यांच्या धर्मगुरूंनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. घंटा ही उपासनेची वस्तू आहे, तिची जागा तिला हाक समजून उठणाऱ्या लोकांत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ठराव मागे घेण्यात आला. आम्हांला हा प्रसंग परतीच्या सोहळ्याहूनही मोलाचा वाटतो. परक्याने नेलेली वस्तू परत मागणे त्यामानाने सोपे असते. आपल्याच मोठ्या माणसांना, 'ही शोभेची वस्तू नव्हे,' असे सांगायला अधिक धैर्य लागते. संत लॉरेन्सनेही संपत्ती मागणाऱ्याला गरीब माणसेच दाखवली होती.

आपल्या घंटा

आता त्या अढीविषयी. वसईच्या वाचकांना सांगायला नको की मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज चर्चमधील कित्येक घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. आम्ही सेमिनरीत असताना एकदा नाशिकला ती घंटा पाहिली होती. तरुण वय, घंटेकडे बघताना आमच्या मनात जी भावना उठली ती प्रार्थनेची नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे. पुढे अनेक वर्षे वसईच्या घंटांचा विषय निघाला की आमच्या बोलण्यात एक कडू धार येई.

बलांगिगाची कथा वाचल्यावर आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला : आपण गोष्ट कुठून सांगायला सुरुवात करतो? घंटा वाजली तिथून सुरुवात केली तर बलांगिगाचे लोक केवळ मारेकरी ठरतात. गाव जळाले तिथून केली तर अमेरिकन केवळ राक्षस ठरतात. वसईची गोष्ट १७३९ पासून सांगितली तर आपण लुटले गेलेले ठरतो. पण त्यापूर्वी पोर्तुगीज अमलात इथली देवळे पाडली गेली आणि आपल्याच रक्ताच्या माणसांच्या सणावारांवर बंदी आली, हेही त्याच गोष्टीचे आधीचे पान आहे. ते फाडून उरलेले पुस्तक वाचणे हा इतिहास नव्हे.

दुसरा प्रश्न : ती घंटा आज काय करते? वायोमिंगच्या घंटा भिंतीत मुक्या होत्या आणि समुद्रापलीकडे त्यांचे गाव त्यांची वाट पाहत होते. नाशिकची घंटा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ गोदेकाठच्या लोकांच्या जीवनाचा भाग होऊन राहिली आहे. लोकांच्या म्हणीत आणि बोलण्यातही ती जाऊन बसली आहे. तिला आपलीही एक आठवण आहे, हे आदराने सांगावे. पण दोन्हींना एकच न्याय लावता येत नाही. त्या घंटेसमोर आता पुन्हा उभे राहण्याचा योग आला तर आम्ही हात जोडू, आणि त्यात कडवटपणा नसेल.

एक धागा आणखी आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे मनिलातच फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. तिथूनच ते १५९३ मध्ये जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर रक्तसाक्षी झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. बलांगिगाच्या सर्वांत जुन्या घंटेवर त्यांच्याच संघाच्या संस्थापकाचे नाव कोरलेले आहे. हा केवळ योगायोग असेल. परंतु समुद्रापलीकडचे ते गाव आपल्याला अगदीच परके नाही, एवढे त्याने ध्यानात येते.

त्या तरुणाने विचारले होते, घंटेसाठी कोणी रडतं का? आता आम्ही त्याला सांगू शकतो. घंटेसाठी रडत नाहीत, बाळा. तिच्या हाकेवर जी माणसे उठली, जेवली, लग्नाच्या वरातीतून आणि शेवटच्या वाटेने गेली, त्यांच्यासाठी रडतात. घर सोडून परदेशी खोलीत राहणाऱ्याला तर तो नाद ऐकून आपले सारे गाव दिसते.

आपल्या धर्मग्रामांत आज घंटा आहेत, पण त्या ऐकतो कोण? तिन्हीसांजेची घंटा वाजते तेव्हा घराघरांत दूरदर्शन संचाचा आवाज तिच्याहून मोठा असतो. कुणी ती नेली नाही; आपणच तिला मुकी करीत आहोत. तेव्हा एक साधी विनंती. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या नातवंडांना घेऊन घंटेपाशी जा. तिच्यावर कोणते वर्ष कोरले आहे, कोणाचे नाव आहे, ती कोणी दिली, कोणत्या दुष्काळात किंवा साथीत ती वाजली, हे वाचा, आठवा, वडीलधाऱ्यांना विचारा. जे कळेल ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हांलाही कळवा. बलांगिगाच्या लोकांना आपल्या घंटांवरची वर्षे आणि नावे ठाऊक होती. म्हणून ११७ वर्षांनी त्या दारात आल्या तेव्हा त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.